भोर सरांच्या फळ्याची उजवी बाजू

हायस्कुलात चित्रकलेची बाई म्हणजे घरात आलेली पाहुणी. सगळे तिच्याशी गोड बोलतात, पण महत्त्वाचं काही ठरवताना तिला विचारत नाहीत. अशी पाहुणी म्हणून मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घोडेगावच्या अलीकडच्या एका गावातल्या शाळेत रुजू झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. संपादकांनी ‘तुमच्या कलाप्रवासाविषयी लिहा’ असं सुचवलं होतं. माझ्या कलेचा प्रवास मुख्याध्यापकांच्या खोलीपासून नोटीस बोर्डापर्यंत झाला, त्यावर दिवाळीच्या अंकाची पानं खर्च करावीत असं मला वाटत नाही. त्यापेक्षा मी माझ्या सोबतच्या शिक्षकांविषयी लिहिते. मला ते जसे दिसले तसे मुख्याध्यापकांनाही कधी दिसले नसतील, कारण मी त्यांच्या वर्गात पाठीमागच्या बाजूला असायचे.

हे कसं, ते आधी सांगायला हवं. चित्रकलेला आठवड्यातून एखाददुसरा तास मिळतो. दिवाळीची सुट्टी संपली, की गणित आणि इंग्रजीचे शिक्षक स्टाफरूममध्ये चहाचा कप पुढं करत जवळ येतात. ‘बाई, आजचा तुमचा तास देता का? पोर्शन राहिलाय.’ असे उसने नेलेले तास आजवर कुणी परत केल्याचं मला आठवत नाही. तास गेले तरी बाईला रिकामं कसं बसवायचं? मग तिला कामं लावतात. दारातला सुविचार, गॅदरिंगचा पडदा, प्रमाणपत्रांवरची नावं, गणपतीची आरास. आणि तपासणी जवळ आली की वर्गांच्या मागच्या भिंतींवर नकाशे, मानवी हृदय, पाण्याचं चक्र. भिंत रंगवायला वर्ग रिकामा मिळत नाही, तेव्हा इकडं तास चालू आणि तिकडं स्टुलावर चढलेली मी, असं चालायचं. मुलं थोड्या वेळानं मला विसरायची आणि शिक्षक मुलांच्याही आधी. भिंतीला आणि बाईला कान असतात हे त्यांच्या लक्षातच राहायचं नाही.

अशी स्टुलावर उभी राहून मी इंग्रजीच्या थोरात सरांचा वर्ग कितीतरी वर्षं पाहिला. सरांचा नियम असा, की वर्गाच्या उंबऱ्याच्या आत मराठी चालणार नाही. चपला आणि मराठी, दोन्ही बाहेर ठेवून ते आत येत. बरं, पोरांना रागवायचं तर इंग्रजीत मजा येत नाही. मग सर ताडताड चालत उंबऱ्याबाहेर जात, चपला घालत, तिथून ‘अरे गाढवा, आई-बाप शेतात राबतात आणि तू इथं पेंगतोस होय रे?’ असं मनसोक्त झापत, चपला काढत आणि पुन्हा आत येऊन ‘यस, ओपन युवर बुक्स’ म्हणत. एकदा पावसाळ्यात वर्गात धामण निघाली. सरांनी शांतपणे हात वर केला आणि ‘डोन्ट पॅनिक, मूव्ह स्लोली टुवर्ड्स द डोअर’ असं सांगितलं. एकही पोर हललं नाही. सगळी माना डोलावून पुढचं वाक्य काय येतंय याची वाट बघत राहिली. शेवटी सरांनीच उंबऱ्याबाहेर उडी मारली आणि ओरडले, ‘पळा रं, साप हाय!’ पुढं काही दिवस सर उंबऱ्याबाहेर कमी जाऊ लागले. मी धामणीचं चित्र काढून स्टाफरूममध्ये लावलं तेव्हा ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मग स्वतःच ते चित्र मागून घरी घेऊन गेले.

मराठीच्या काळे बाई कविता शिकवताना रडायच्या. खरोखर रडायच्या, पदर डोळ्यांना लावून. पोरं इतकी डांबरट, की चाचणीच्या दिवशी हमखास म्हणायची, ‘बाई, ती आईची कविता नीट कळली न्हाई.’ बाईंना डाव कळायचा. ‘मला फसवताय ना?’ असं विचारून त्या कविता सुरू करायच्या, तिसऱ्या कडव्याला डोळे भरायचे आणि चाचणी पुढं जायची. मी एकदा त्यांना विचारलं, ‘कळतं तर फसता कशाला?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, चाचणीसाठी का होईना, कविता मागतात ना पोरं!’ या उत्तरावर मी त्यांच्यापुढं मनातल्या मनात हात जोडले होते.

पण मला सांगायचं आहे ते गणिताच्या भोर सरांविषयी.

भोर सर उंच, आवाज खणखणीत. इतका, की दहावीच्या वर्गातलं त्यांचं प्रमेय शेजारच्या आठवीलाही पाठ व्हायचं. त्यांच्या वर्गात मात्र मुलांना बोलायची बंदी होती. शंका विचारायची तर जागेवरून उठायचं, फळ्याशी जायचं आणि फळ्याच्या उजव्या बाजूला खडूनं लिहायची. डावीकडचा मोठा भाग सरांचा, उजवीकडचा विचारणाऱ्यांचा. खाली आपलं नाव घालायचं. सर ती वाचणार, मग वर्गाकडं वळून उत्तर देणार. हजेरीलासुद्धा ‘हजर’ म्हणायचं नाही, नुसतं उभं राहायचं. सर प्रत्येक नावाला मान वर करून बघायचे. पोरं त्यांना पाठीमागं मौनीबाबा म्हणायची.

गावात आणि शाळेत या पद्धतीचा भारी दरारा होता. खरं सांगायचं तर तिचा उपयोगही व्हायचा. शंका बोलायला सोपी असते. ती लिहायला गेलं की आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते आधी शोधावं लागतं. फळ्याशी गेलेली कितीतरी पोरं अर्धा प्रश्न लिहायची, थबकायची, आणि ‘अरेच्चा’ म्हणून स्वतःच तो पुसून जागेवर येऊन बसायची. मी हे माझ्या स्टुलावरून पाहिलेलं आहे.

एका वर्षी मोठी तपासणी येणार होती आणि मुख्याध्यापक गावडे सरांनी मला दहावीच्या मागच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा काढायला सांगितला. गावडे सर माणूस भला, पण भित्रा. साहेब हा शब्द उच्चारतानासुद्धा ते शर्टाचं वरचं बटण लावायचे. मी विदर्भापासून सुरुवात केली होती आणि समुद्राचा निळा रंग कालवून डबा स्टुलाच्या कडेला ठेवला होता. भोर सरांचा तास चालू होता. माझा पदर अडकला आणि तो पत्र्याचा डबा दणकन फरशीवर आदळला. अख्खा वर्ग दचकून मागं वळला. अरबी समुद्र शेवटच्या बाकाखाली शिरला.

सर फळ्याकडं तोंड करून लिहितच होते. त्यांचा हात जरासुद्धा थांबला नाही. ‘म्हणून कोन अ बरोबर कोन क,’ असं म्हणत ते वळले, जमिनीकडं पाहिलं आणि म्हणाले, ‘अरे, हे कधी झालं?’

मी तिथंच उभी राहून पुढचा भाग पाहिला. आमच्या शाळेचा टोल म्हणजे रुळाचा तुकडा. तो दहावीच्या खिडकीबाहेरच टांगलेला होता आणि शिपाई त्यावर असा घण घालायचा की शेतातली माणसं भाकरीला बसायची. तो वाजला. सरांचं लिहिणं चालूच. पहिल्या बाकावरच्या मंदानं आपली आडवी ठेवलेली कंपासपेटी हळूच उभी केली. सरांनी वळताना ती पाहिली आणि हात झटकत म्हणाले, ‘चला, झाली वेळ.’

मंदा आहुप्याकडची, डोंगरातली. तिकडची मुलं आमच्या गावच्या वसतिगृहात राहायची आणि भाताच्या कामांना घरी जायची. तिथून परत येताना ती सरांसाठी बाळहिरड्याची पुरचुंडी आणायची, कारण मोठ्यानं बोलून बोलून सरांचा घसा बसायचा.

शाळा सुटल्यावर मी ब्रश धूत होते तेव्हा भोर सर आले. ‘बाई, डब्याचा आवाज केवढा झाला?’

‘बराच झाला, सर.’

‘सगळ्यांनी माना वळवल्या?’

‘सगळ्यांनी.’

ते कठड्यावर बसले. ‘डाव्या कानानं कधीच राजीनामा दिलाय, बाई. उजवा अर्धपगारी रजेवर आहे. समोर तोंड दिसलं तर कळतं, पाठ फिरली की संपलं. पुण्याहून यंत्र आणलं होतं, खिशात डबी आणि कानात वायर. वर्गात लावलं तर बाकांची करकर तेवढी ऐकू आली, पोरं काही ऐकू आली नाहीत. दिलं कपाटात टाकून.’

‘गावडे सरांना सांगितलंय?’

‘नका हो, बाई. सांगितलं तर त्यांना दहावी काढून घ्यावीच लागेल. त्यांचा तरी काय दोष? पालक म्हणतील, बहिरा मास्तर दहावीला कसा? मग मला पाचवीचा वर्ग देतील आणि ग्रंथालयाच्या किल्ल्या.’ मग घरी बोलावं तसं बोलले, ‘मला दहावीबिगार दुसरं काय येत न्हाई, बाई.’

मी म्हटलं, ‘सर, मी चित्रकलेची बाई. मला कोण काय विचारतंय?’ ते हसले. मी कुणाला बोलले नाही, आणि मला कुणी विचारलंही नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या वर्गात ब्रश धरून उभी राहिले की माझं अर्धं लक्ष दाराकडं असायचं.

तपासणी म्हणजे काय, हे शाळेबाहेरच्यांना सांगायला हवं. पुण्याहून साहेबांची जीप येते. त्याआधी आठ दिवस शाळा शेणानं सारवल्यासारखी स्वच्छ होते, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची धूळ जाते आणि कधी न दिसलेले शिक्षकही टाय लावतात. साहेब वर्गात मागच्या बाकावर बसतात, शिक्षकाचं शिकवणं बघतात, आणि मधूनच एखादा प्रश्न टाकतात. साहेबांनी काही विचारावं आणि शिक्षक गप्प राहावा, यापेक्षा मोठी नामुष्की शाळेत दुसरी नसते.

तपासणीच्या दिवशीही माझा नकाशा अर्धाच होता. गावडे सर म्हणाले, ‘काम चालू दिसलं तर चांगलंच,’ म्हणून मी स्टुलावर होतेच. साहेब येऊन नेमके माझ्या पायाशी, शेवटच्या बाकावर बसले. साठीकडे झुकलेला, पान खाणारा, हुशार डोळ्यांचा माणूस. गावडे सर दारात, वरचं बटण लावून. भोर सरांनी वर्तुळाच्या स्पर्शिकेचं प्रमेय घेतलं. तास सुरेख चालला होता. आणि सर फळ्याकडं वळून लिहीत असताना साहेब म्हणाले, ‘सर, हीच सिद्धता दुसऱ्या पद्धतीनं देता येईल का?’

सर लिहीतच राहिले.

साहेबांनी घसा खाकरला आणि मोठ्यानं विचारलं, ‘सर, मी काय म्हणतोय? दुसरी पद्धत?’

दारातल्या गावडे सरांनी लावलेलं बटण पुन्हा लावलं. माझ्या ब्रशातला रंग ओघळून कोल्हापुरावरून खाली आला तरी मला भान नव्हतं. झालं, संपलं, असंच मला वाटलं. तेवढ्यात मंदा उठली. घाई नाही, गडबड नाही. ती फळ्याशी गेली, खडू घेतला आणि उजव्या बाजूला लिहिलं, ‘हीच सिद्धता दुसऱ्या पद्धतीने देता येईल का?’ खाली नाव घातलं, ‘साहेब’. आणि जागेवर येऊन बसली.

सरांनी वाचलं. मग वळले, साहेबांना मान लववून म्हणाले, ‘येईल की, साहेब,’ आणि दुसरी पद्धत अशी काही उलगडून दाखवली की मला चित्रकलेवालीलासुद्धा कळली.

साहेबांनी तास संपल्यावर मंदाला उभं केलं. ‘मुली, मी तोंडी विचारलं होतं. तू फळ्यावर का लिहिलंस?’

‘सायेब, आमच्या वर्गात तोंडानं इचारत न्हाईत. फळ्यावं लिवायचं. लिवताना निम्मं उत्तर आपलं आपल्यालाच घावतं.’

‘आणि मी साहेब असलो तरी?’

‘तुमाला ठावं नव्हतं ना, म्हून मी लिवलं.’

साहेब खदखदून हसले. मग गावडे सरांकडं वळून म्हणाले, ‘वा! हा तर उपक्रम आहे!’

उपक्रम हा शब्द शिक्षण खात्यात जपून उच्चारायला हवा. एखाद्या शाळेत चांगली गोष्ट आपसूक घडत असली आणि ती साहेबाच्या नजरेला पडली, की तिचा उपक्रम होतो. उपक्रम झाला की तो सगळ्या तालुक्याला करावा लागतो. पंधरवड्यातच निरोप आला. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या गणिताच्या शिक्षकांपुढं भोर सरांनी घोडेगावला आदर्श पाठ घ्यायचा, सोबत आपल्या वर्गातली काही मुलं आणायची, आणि पाठ झाल्यावर शिक्षकांच्या शंकांना उत्तरं द्यायची. गावडे सरांनी आनंदानं सगळ्या स्टाफला भेळ दिली. थोरात सरांनी उंबऱ्याच्या आत असताना मराठीत अभिनंदन केलं.

भोर सर माझ्याकडं आले ते हातात निरोपाचा कागद घेऊन. ‘बाई, मेलो. पाठ घेईन हो मी. पण सभागृहभर मास्तर बसणार, कोण कुठून काय विचारणार? एकाला उत्तर चुकलं की दुसऱ्याच्या लक्षात येणार. मास्तरांच्या नजरेतून काही सुटतं का? आजारी पडतो त्या दिवशी.’

‘आजारी पडलात तर तारीख पुढं ढकलतील,’ मी म्हटलं. ‘खातं चांगलं ठाऊक आहे मला.’

दुसऱ्या दिवशी सर वर्गात मुलं निवडायला लागले. माझं कोकण अजून रंगवायचं होतं, त्यामुळे मी होतेच. सरांनी पहिलंच नाव दिलीपचं घेतलं. दिलीप वर्गात पहिला यायचा.

मंदा फळ्याशी न जाता जागेवरच उभी राहिली, तोंड सरांकडं करून. ‘सर, दिलप्याला नगा नेऊ.’

‘का गं? हुशार आहे की.’

‘हुशार हाये, पन त्यो व्हट हालवत न्हाई. घोडेगावला समदी बोलत आसतील. त्यो काय म्हनतो ते तुमाला कळायचं न्हाई.’

सरांनी मान उचलली आणि थेट माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. मी हातातल्या ब्रशासकट मान हलवली, नाही, मी नाही.

मंदानं ते पाहिलं. ‘बाईंनी न्हाई सांगितलं, सर. आमी नववीतनं हितं आलो तवाच म्हाईत व्हतं. आधीच्या दहावीच्या पोरींनी सांगितलं. पाठ फिरवून बोलायचं न्हाई, टोल पडला का कंपास उभी करायची. त्यास्नी त्यांच्या आधीच्यांनी सांगितलं आसंल.’

सर खुर्चीवर बसले. एरवी ते तासाला कधी बसायचे नाहीत. ‘घरी सांगितलंत कुणी?’

‘घरी कशापायी सांगायचं?’ मागून कोणीतरी म्हणालं, आणि लगेच चूक उमगून उठून उभं राहिलं, सरांना तोंड दिसेल असं, आणि पुन्हा तेच म्हणालं. तो दिलीपच होता. आता मात्र तो ओठ चांगले ताणून बोलत होता. ‘सर, आमी तुमाला पन न्हाई सांगितलं. वाटलं, तुमाला कळलं आमाला म्हाईतंय, तर तुमी हा वर्ग सोडून जाल.’

सरांनी चष्मा काढला. पुसला. घातला आणि पुन्हा काढला. इतकी वर्षं हा माणूस ज्यांच्यापासून लपत होता, तीच पोरं वर्षानुवर्षं त्याच्यासाठी पहारा देत होती, आणि पुढच्या वर्गाला पहारा सोपवून मगच शाळा सोडत होती. मी भिंतीकडं तोंड केलं आणि रत्नागिरी रंगवत बसले, कारण माझेही डोळे काळे बाईंसारखे झाले होते. शेवटी सर म्हणाले, ‘दिलीप, तू येणार आहेस. सिद्धता तूच लिहायचीस.’

घोडेगावचं सभागृह गच्च भरलं होतं. मी तक्ते टांगायच्या निमित्तानं गेले होते. गावडे सर पहिल्या रांगेत साहेबांच्या शेजारी. पाठ उत्तम झाला. दिलीपनं सिद्धता लिहिली, मंदानं उजव्या बाजूला शंका लिहिली, सरांनी ती सोडवली. टाळ्या पडल्या. मग साहेब म्हणाले, ‘आता शिक्षकांनी शंका विचाराव्यात,’ आणि एकदम चारी बाजूंनी आवाज सुरू झाले. मास्तर लोक दिवसभर पोरांना एकेकानं बोला म्हणून सांगतात आणि स्वतः जमले की सगळे एकदम बोलतात. मंचरकडचा एक तरुण शिक्षक उभा राहिला. तोंडासमोर कागद धरून तो काहीतरी लांबलचक विचारत होता. असं लिहीत बसलं तर वेळ किती जाईल, अभ्यासक्रम कधी संपेल, असा त्याचा मुद्दा.

सर त्या कागदाकडं बघत होते. सभागृह उत्तराची वाट बघू लागलं. मंदा खडू घेऊन उठली. सरांनी हातानं तिला खाली बसवलं.

‘तुम्ही काय विचारलंत ते मला कळलेलं नाही,’ ते त्यांच्या खणखणीत आवाजात म्हणाले. ‘मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. ही फळ्याची पद्धत काही मी विचार करून काढलेली नाही. मी बहिरेपण लपवत होतो. तिचा मुलांना फायदा झाला हा मुलांचा मोठेपणा. साहेब, तुम्ही हिला उपक्रम म्हणालात तेव्हाच मी सांगायला हवं होतं. माझं धाडस झालं नाही.’

साहेबांनी गावडे सरांना हळूच काही विचारलं. मी पुढच्याच खांबाशी तक्ते धरून उभी होते, मला ऐकू आलं. ‘दहावीला दुसरं कोण आहे तुमच्याकडं?’

गावडे सरांनी आयुष्यात साहेबांना ‘हो साहेब’शिवाय काही म्हटलेलं नव्हतं. त्यांचा हात सवयीनं वरच्या बटणाकडं गेला आणि तिथंच राहिला. ‘कोणी नाही, साहेब,’ ते म्हणाले. ‘आणि असतं तरी दहावी भोर सरांकडंच राहिली असती.’

साहेबांनी मान डोलावली. दहावी सरांकडं राहिली. निवृत्त होईपर्यंत राहिली. त्या चांगल्या माणसांच्या सोबतीनं माझ्या नोकरीचं सोनं झालं, हे मला आज सांगायचं होतं. माझे कुणी परत न केलेले तासही त्यामुळं मी सोडून दिले आहेत.

पण त्या दुपारी सभा तेवढ्यावर संपली नाही. साहेब आभाराला उठणार, इतक्यात मागच्या रांगेतून एक म्हातारे शिक्षक चालत पुढं आले. जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारावरच्या शाळेतले, पांढरा लेंगा-शर्ट, निवृत्तीला आलेले. खुर्च्यांच्या कडेला हात लावत लावत ते आले, पायरी चाचपून व्यासपीठावर चढले आणि त्यांनी खडू मागितला. मंदानं तो त्यांच्या हातात दिला. फळ्याच्या उजव्या बाजूला अगदी नाक टेकवून त्यांनी लिहायला सुरुवात केली. ओळ उतरत उतरत खाली गेली, शेवटची अक्षरं एकमेकांवर चढली.

‘मला दिसत नाही. शाळेत कोणालाच माहीत नाही. काय करू?’

त्यांनी खाली नाव लिहिलं नाही. भोर सरांनी ते वाचलं आणि त्यांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

‘सर,’ ते म्हणाले, ‘उद्या वर्गात गेलात की पोरांना सांगून टाका. त्यांना माहीत आहे. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघतायत ती.’